बाईच्या नोकरीबद्दल देवाची इच्छा कोणी ठरवायची?

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एखाद्या बाईला बढती मिळाली, बदली झाली किंवा परदेशातून बोलावणं आलं की पहिला प्रश्न येतो, "प्रार्थना केलीस का?" प्रश्न चांगला आहे. ज्याचा देवावर विश्वास आहे त्याने मोठा निर्णय देवापुढे ठेवायचाच असतो. माझी तक्रार आहे ती हा प्रश्न कोणाला विचारला जातो याबद्दल. तिच्याच भावाला पुण्याहून बंगळुरूला मोठ्या पगारावर बोलावलं, तर पुढच्या रविवारी तो उपकारस्तुतीचं, म्हणजे आभारदानाचं, पाकीट घेऊन पुढे येतो, पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि सगळी मंडळी आमेन म्हणते. त्याची नोकरी हा आशीर्वाद. बहिणीची नोकरी मात्र आधी मोह ठरते, आणि तो मोह नव्हे हे तिला पटवून द्यावं लागतं. नवऱ्याला, सासूला, महिला मंडळातल्या मावश्यांना, आणि रात्री दिवा मालवल्यावर स्वतःच्या मनाला.

मी पुण्यात नोकरी करते, संडे स्कूलपासून मंडळीत वाढले, आणि या दोन्ही ठिकाणी मला घरच्यासारखं वाटतं. म्हणूनच हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. माझं म्हणणं असं आहे की, आपल्या कामाबद्दल देवाची इच्छा काय हे शोधण्याची जबाबदारी त्या बाईची स्वतःची आहे. मंडळीने तिच्यासोबत बसावं, प्रश्न विचारावेत, प्रार्थना करावी. निकाल देऊ नये. आणि "देवाची इच्छा शोध" असं जी मंडळी तिला सांगते, तिने त्या इच्छेपायी येणारा भार उचलायलाही पुढे यावं.

पगार मिळवणारी बाई आपल्या समाजाला नवी नाही. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन मिशनरी १८२७ साली मुंबईत उतरली आणि पुढे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, तिने मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याकडे. त्यानंतरच्या पिढ्यांत मिशनच्या शाळांतल्या बाई, गावोगाव फिरून बायबल सांगणाऱ्या बायबलबाई, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकून बाहेर पडलेल्या नर्सेस अशा कितीतरी ख्रिस्ती बायका महाराष्ट्रात पगारावर काम करत होत्या. वसईकडच्या आयाबाया पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईच्या बाजारात जात. त्यांच्या कमाईवर घरं चालली, मुलं शिकली, चर्चच्या दानपेटीत नाणी पडली. पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला "देवाची इच्छा आहे का गं?" असं विचारल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. काम गरजेपोटी होतं तोवर त्यात कोणाला आध्यात्मिक प्रश्न दिसला नाही. तिच्या कामाला निवड आली, पद आलं, घरात तिच्या शब्दाला वजन आलं, तेव्हा तो दिसू लागला. हे आपण प्रामाणिकपणे पाहिलं पाहिजे.

आणि या वाटेवर सगळ्यात पुढे गेलेली बाई तर आपलीच आहे. पंडिता रमाबाईंची आठवण आपण भक्तिभावाने काढतो, पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट व्यासपीठावरून क्वचित सांगितली जाते. १८८२ साली पुण्यात शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात हे ठासून सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. स्वतः वैद्यकी शिकायची असा बेत होता. तो जमला नाही, कारण त्यांना कमी ऐकू येत असे. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता त्या संस्कृत शिकवू लागल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर मायदेशी परतल्यावर तिची प्रतिष्ठा राहणार नाही, तिच्या पुढच्या सेवेला बाध येईल, असा त्यांचा सूर होता. ज्यांनी त्यांना आसरा दिला, ज्यांना त्या आईसमान मानत, त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांचाही आग्रह होता की वरिष्ठांचं ऐकावं.

रमाबाईंनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं. त्यांच्या त्या काळच्या पत्रांतला आशय असा, की मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, स्वतःचा निर्णय आहे, आणि देवाने जे करण्याची शक्ती मला दिली आहे ते मी स्वतः विचार करूनच केलं पाहिजे. हिंदुस्थानात असताना आपण पुरुषांच्या सभांतून व्याख्यानं दिली आहेत, तेव्हा कोणाची प्रतिष्ठा गेली नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. ही बाई तेव्हा पंचविशी ओलांडून थोडी पुढे गेलेली, विधवा, परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला. पाठीशी नातलग नाही, गाठीला पैसा नाही. तरी कोणत्या गोष्टीत आज्ञा पाळायची आणि कोणत्या गोष्टीत आपला विवेक दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हे तिला कळत होतं. यात विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? पुढे याच बाईने १८८९ साली शारदा सदन काढलं, १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना गोळा करून केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. त्या बायबलचे खिळे केडगावच्या छापखान्यात मुलींनी-बायकांनी जुळवले. डॉक्टर व्हायचं दार बंद झालं तेव्हा कोणी तरी "बघ, देवाचीच इच्छा नव्हती, आता घरी बस" असं म्हटलं असतं आणि त्यांनी ते मानलं असतं, तर? बंद दाराचा अर्थ "घरी बस" असा काढायचा की "पुढच्या दाराशी जा" असा, हे दार सांगत नाही. ते बाईला स्वतःच उमजावं लागतं.

आता देवाची इच्छा ओळखण्याच्या आपल्या प्रचलित रीतींकडे बघू. बऱ्याच ख्रिस्ती घरांत वचनपेटी असते. काडेपेटीहून जरा मोठी डबी, आत बायबलमधली वचनं लिहिलेल्या, बोटाच्या पेरापेक्षा बारीक गुंडाळलेल्या कागदांच्या रांगा, आणि उचलायला छोटा चिमटा. सकाळी एक वचन काढून वाचावं, दिवसभर मनात घोळवावं, फार छान सवय आहे. पण मी बायकांना मुलाखतीला जावं की नाही हे या डबीला विचारताना पाहिलं आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वाटलेलं वर्षाचं वचन पर्समध्ये ठेवून, त्यात "थांब" आहे की "ऊठ" आहे ते शोधताना पाहिलं आहे. सगळ्यात जास्त हाती येतं ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातलं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. ते वचन मलाही प्रिय आहे. पण तो अध्याय वरून खाली वाचावा. यरुशलेमेतून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र आहे. त्यात देव सांगतो की लवकर परत यायची आशा धरू नका, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे त्याचं कल्याण चिंता. नोकरी करणाऱ्या बाईला लागणारा सल्ला त्या पत्रात भरपूर आहे, फक्त तो चिठ्ठीवरच्या एका ओळीत मावत नाही.

तसंच गिदोनाच्या लोकरीचं. "देवापुढे लोकर टाकली आहे, अमुक झालं तर नोकरी घेईन" असं आपण सहज म्हणतो. शास्त्यांच्या पुस्तकात गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं. रात्री लोकर जमिनीवर टाकून, दव फक्त तिच्यावर पडावं अशी खूण त्याने मागितली ती धीर होत नव्हता म्हणून. देवाने त्याला सांभाळून घेतलं, दोनदा घेतलं, ही देवाची दया. ती निर्णय घेण्याची रीत म्हणून आपल्याला घालून दिलेली नाही.

मला अधिक शिकवून जातो तो प्रेषितांच्या कृत्यांतला सोळावा अध्याय. प्रेषित पौल आणि सोबती त्या वेळच्या आशिया प्रांतात वचन सांगायला निघाले, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळले, तिथेही अडवलं. त्रोवसला रात्री पौलाला दृष्टान्त झाला, की मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून "इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर" म्हणतो आहे. त्यानंतरचं वाक्य महत्त्वाचं आहे. दृष्टान्त एकाला झाला, पण देव आपल्याला तिकडे बोलावतो आहे असं अनुमान "आम्ही" काढलं, असं लेखक सांगतो. अडवणूक, दर्शन, चर्चा, अनुमान, आणि मग लगोलग तारू. आणि मासेदोनियात पोचल्यावर त्यांना पहिली कोण भेटली? लुदिया, थुवतीरा नगरची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. शब्बाथ दिवशी नदीकाठी प्रार्थनेला आलेली, स्वतःचं घर असलेली, "माझ्या घरी येऊन राहा" असा आग्रह धरू शकणारी बाई. मासेदोनियातल्या फिलिप्पै नगराच्या मंडळीची सुरुवात एका व्यापारी बाईच्या घरात झाली. तिने धंदा सोडला का, याबद्दल अवाक्षर नाही. लेखकाला ते विचारावंसंही वाटलं नाही.

यापुढचं मला विशेष सांगायचं आहे, कारण यात चांगल्या चांगल्या बायका अडकतात. "शांती मिळाली का?" ही आपल्याकडची शेवटची कसोटी. मनाला शांती वाटली तर देवाची इच्छा, अस्वस्थ वाटलं तर नाही. पण जिला लहानपणापासून कोणाचं मन मोडायचं नाही हेच शिकवलं आहे, तिला "हो" म्हणताना शांती कुठून वाटणार? सासूबाईंचा चेहरा उतरला की तिच्या पोटात खड्डा पडतो. नवरा दोन दिवस कमी बोलला की तिची झोप उडते. मग ती नोकरीचं आलेलं पत्र नाकारते, घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू होतं, तिला हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याला ती देवाची शांती म्हणते. कलस्सैकरांच्या पत्रात ख्रिस्ताच्या शांतीने तुमच्या अंतःकरणात राज्य करावं असं म्हटलं आहे, पण त्या ओळीच्या आसपासचा भाग एकमेकांशी खोटं बोलू नका, एकमेकांचं सहन करा, क्षमा करा, तुम्ही एक शरीर आहात, याबद्दल आहे. माणसामाणसांत असायची ती शांती. घरातल्या एकीने गप्प बसल्यामुळे इतरांना जी स्वस्थता लाभते, ती या शांतीत बसत नाही. अपराधी वाटणं आणि देवाने टोचणं यांत फरक आहे. देवाची टोचणी नेमकी असते: हे खोटं आहे, हा अन्याय आहे, हे तू लपवते आहेस. नुसत्या अपराधीपणाला बोट ठेवायला जागा नसते. आपण वाईट आई आहोत, वाईट सून आहोत असं एक धुकं असतं, बस.

नेमकी टोचणी कशी असते त्याचं मी जवळून पाहिलेलं उदाहरण सांगते. माझ्या ओळखीची एक ताई बचतगटांना छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीत फील्डवर होती. गावोगाव जायचं, दहा-बारा बायकांचा गट बसवायचा, हप्ते गोळा करायचे. काम तिला आवडायचं. हिशेब चोख, आणि बायका तिला "ताई, च्या घेतल्याबिगर जाऊ नका" म्हणायच्या. तिला वसुलीची जागा देऊ केली, पगार बराच वाढणार होता, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचा प्रश्न सुटणार होता. मंडळीत कळलं तेव्हा या वेळी सगळे खूश होते. पाळकसाहेबांनी "प्रभूने द्वार उघडलं" म्हणून आभार मानले. ती मात्र जागा घेण्याआधी दोन दिवस वसुलीच्या माणसांसोबत फिरून आली. एका घरी हप्ता थकला होता. गटातल्या बाकीच्या बायकांना दारात उभं केलं होतं, घरातल्या बाईचं शिवणयंत्र ओट्यावर ओढून आणलं होतं, आणि ती बाई यंत्राच्या पायट्यावर हात ठेवून नुसती उभी होती. ताईने घरी येऊन बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढला: जातं किंवा जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. तिने जागा नाकारली. कारण लेखी दिलं. वर्षभराने ती नोकरीही सोडली आणि कमी पगारावर एका शाळेच्या ऑफिसात लागली. मुलाच्या फीसाठी कर्ज काढावं लागलं.

तिच्या या निर्णयाबद्दल कोणी साक्ष द्यायला तिला पुढे बोलावलं नाही. बढती म्हणजे आशीर्वाद, पगारवाढ म्हणजे देवाची कृपादृष्टी, हे आपल्याकडे आता इतकं भिनलं आहे की देवासाठी सोडलेल्या बढतीला काय म्हणायचं ते कोणाला सुचत नाही. बाईने घरासाठी नोकरी सोडली तर तिचं कौतुक होतं. परक्या बाईच्या शिवणयंत्रासाठी सोडली तर लोक चुळबुळतात. माझ्या मते विश्वासाने घेतलेला निर्णय म्हणजे काय, हे त्या ताईने आम्हाला दाखवलं. ती चिठ्ठी काढत बसली नाही. ती जाऊन पाहून आली, वचन वाचलं, नवऱ्याशी बोलली, खर्चाचा आकडा मांडला, आणि मग ठरवलं.

एक प्रश्न असा आहे ज्यावर मंडळीत बोलायला लोक कचरतात, पण महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतल्या ख्रिस्ती मुलींची नोकरी त्याच्यावर अवलंबून आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली सगळ्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणजे एकाच आळीतल्या, एकाच आजोबांच्या तीन नातींपैकी बौद्ध नात अर्ज करू शकते, हिंदू नात करू शकते, आणि ख्रिस्ती नातीला तो रकाना बंद. आळी तीच, विहिरीची आठवण तीच, आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव तोच. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे पुद्दुचेरीच्या एका बाईचं प्रकरण निकाली निघालं. तिला कारकुनाच्या नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. लहानपणी तिचा बाप्तिस्मा झालेला, चर्चला नेमाने जाणं सुरू. आपण हिंदू आहोत असं तिचं म्हणणं न्यायालयाला पटलं नाही. केवळ आरक्षणाच्या लाभासाठी असा दावा करणं ही राज्यघटनेशी प्रतारणा ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं.

आहे त्या कायद्याच्या चौकटीतला तो निकाल आहे. माझं भांडण त्या चौकटीशी आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप धुतलं जातं हे मी मानते. जात गावाच्या नजरेतून धुतली जात नाही हे मी पाहिलं आहे. मंडळीच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा ती पुसली गेलेली नाही, हे कबूल करायला हवं. धर्मांतरितांच्या या प्रश्नाचा अभ्यास करायला केंद्र सरकारने २०२२ साली आयोग नेमला. आदेशातली धर्माची अट गेली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर दाखल्याच्या आणि विश्वासाच्या कात्रीत सापडलेल्या मुलीला ढोंगी म्हणण्याचा अधिकार, मिशनच्या जमिनीवरच्या बंगल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यापैकी कोणालाही नाही. त्या मुलीला "विश्वास ठेव" एवढंच सांगून परत पाठवणारी मंडळी तिच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी भरते का, हा माझा प्रश्न आहे.

हक्क मागणं आणि विश्वास यांचं वाकडं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचावा. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या सलाफहादाच्या पाच मुली. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून वतनातून नाव जाणार. त्या पाचजणी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहून म्हणतात, आम्हाला वतन द्या. मोशे स्वतः निकाल देत नाही. तो प्रकरण परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर म्हणतो की सलाफहादाच्या मुली म्हणतात ते बरोबर आहे. नियम बदलतो. पुढे ३६ व्या अध्यायात त्यांच्या वंशातले पुरुष येऊन लग्नाची अट घालून घेतात, तेही खरं. तरी कार्यालयात त्रास देणाऱ्या वरिष्ठाबद्दल तक्रार करावी का असं विचारत आलेल्या मुलीला "क्षमा कर आणि प्रार्थना कर" असं सांगून वाटेला लावण्याआधी या पाचजणींची आठवण ठेवावी. क्षमा तिने करावीच. तक्रारही करावी. कार्यालयातल्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे, आणि त्याखालच्या समितीकडे जाणं हे मंडपाच्या दाराशी उभं राहण्याइतकंच योग्य आहे.

"पण मुलांचं काय?" हा आक्षेप येतो, आणि तो मी बाजूला सारत नाही. लहान मुलाला आई हवी असते, म्हातारीला कोणी तरी जवळ हवं असतं, आणि काही बायका पूर्ण विचारांती घरी राहायचं ठरवतात. ते काम नोकरीइतकंच देवाचं पाचारण असू शकतं, आणि तशा बायकांना कमी लेखणाऱ्या शहाण्या नोकरदारणीही मी पाहिल्या आहेत. मला ते खटकतं. पण मुलाला बापही हवा असतो. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ख्रिस्ती घरं यातून सुटली असतील असं मानायला मला काही आधार दिसत नाही. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातली सद्‌गुणी स्त्री मदर्स डेला दरवर्षी वाचली जाते. ती शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते. आणि शेवटची ओळ तिच्या कामांचं फळ तिला द्या, असं सांगते. द्या, हा हुकूम इतरांना आहे.

म्हणून मंडळीकडे माझं मागणं अगदी साधं आहे. "प्रार्थना केलीस का?" हे भावालाही विचारा. दुबईला निघालेल्या नवऱ्याला विचारा, मुलं कोण बघणार? नर्स असलेल्या बहिणीला रविवारी ड्यूटी लागली म्हणून तिच्या विश्वासाचं मोजमाप करू नका. नाताळच्या रात्री आयसीयूत कोणी तरी जागं असतं म्हणून बाकीच्यांना गव्हाणीपुढे गाता येतं. निर्णयाच्या तोंडाशी आलेल्या बाईसोबत दोघी-तिघी अशा बसवा, ज्यांनी स्वतः नोकरी केली आहे, सोडली आहे, बदल्या सोसल्या आहेत, आणि ज्यांचा तिच्या "हो" किंवा "नाही"त काही स्वार्थ नाही. चर्चचा हॉल सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतो. तिथे पाळणाघर निघू शकतं, आणि ते चालवणाऱ्या बाईला सेवेच्या नावाखाली फुकट न राबवता रीतसर पगार देता येतो. पाळकीणबाईंबद्दलही, म्हणजे पाळकांच्या पत्नींबद्दलही, हेच म्हणेन. त्यांचं शिक्षण असेल, त्यांना नोकरी करायची असेल, तर मंडळीने त्यांच्याकडून संडे स्कूल, महिला मंडळ आणि पाहुण्यांचा चहा ही तीन कामं गृहीत धरणं सोडावं.

आणि महिला मंडळाची सभा. आमच्याकडे ती बुधवारी दुपारी तीन वाजता भरते, जशी तीस वर्षांपूर्वी भरायची. त्या वेळी मी ऑफिसात असते, माझ्या बाकावर रविवारी बसणाऱ्या निम्म्याअधिक बायकाही कुठल्या ना कुठल्या कामावर असतात. मग नोकरी करणाऱ्या बायकांसाठी त्या सभेत प्रार्थना होते, आणि आम्ही कोणी तिथे नसतो. ही सभा शनिवारी संध्याकाळी घ्यावी, असा अर्ज मी कमिटीच्या पुढच्या बैठकीसाठी दिला आहे.